लोखंडी सायकल, लाखाची किंमत आणि बाजारातली पत

मालेगावच्या कापड बाजारात व्यापाऱ्याची पत दोन गोष्टींवरून जोखली जाते. सुताचे बिल तो किती दिवसांत चुकते करतो ही पहिली, आणि तो कशावर बसून पेढीवर येतो ही दुसरी. पहिली गोष्ट फक्त सूतवाल्याला ठाऊक असते, दुसरी सगळ्या बाजाराला दिसते. त्यामुळे ज्याच्या दारात मोटार उभी आहे असा माणूस एके दिवशी सायकलीवर पेढीला आला की, 'काय झाले हो त्यांना?' अशी विचारपूस सुरू होते.

ही विचारपूस गेले तीन आठवडे आम्ही ऐकत आहोत. आम्ही सायकल घेतली आहे. साधी नव्हे, जिला टुरिंग सायकल म्हणतात ती. लांबच्या प्रवासाची, सामान लादून चालवायची, पोलादी फ्रेमची. कॅरिअर, मडगार्ड आणि दोन पिशव्या धरून ती आम्हाला लाखाला दोन हजार कमी अशी पडली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण हा लेख म्हणजे जाहिरात नव्हे. या पानावर आम्ही नेहमी सूत, ग्रे कापड आणि विजेचे दर यांवर लिहितो. आज सायकलीवर लिहीत आहोत, पण हिशोब व्यापाऱ्याचाच आहे.

घरात पहिला सवाल मुलाने केला. "अब्बा, एवढ्या पैशात चांगली मोटारसायकल आली असती. लोक म्हणतील धंदा बसला." त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण आमचे वय छप्पन, अंगात साखर, आणि डॉक्टरांनी रोज तासभर अंगाला घाम आणायला सांगितलेले. पहाटे पुलावर फेऱ्या मारणारे पुष्कळ आहेत, आम्हीही मारल्या. पण ज्या चालण्यातून माल पोहोचत नाही आणि वसुली होत नाही, ते चालणे व्यापाऱ्याला फार दिवस जमत नाही. आमचे कारखानदार शहरभर पसरलेले आहेत. त्यांच्याकडे नमुने न्यायचे, सुताचे कोन दाखवायचे, पैशाचा तगादा करायचा. एवढी फेरी सायकलीवर झाली तर औषध आणि धंदा दोन्ही एकाच खर्चात, असा आमचा विचार.

वाडवडिलांचे टुरिंग

टुरिंग हा शब्द नवा वाटतो, काम जुनेच आहे. आमच्या लहानपणी कापडाची फेरी करणारे लोक काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर लुगड्यांची गाठडी बांधून कळवण, सटाणा, नांदगावकडच्या आठवडे बाजारांना जात. मागे तीस-चाळीस किलो माल, पुढे दांडीला पाण्याची बाटली किंवा छत्री, आणि ब्रेक लागला तर लागला. रात्री ओळखीच्या ओट्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढचा बाजार. त्यांना कोणी टुरिस्ट म्हटले नाही, एवढाच फरक.

आणि खऱ्या जगप्रवासाचा मान तर मुंबईचाच आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी जाल बापासोला, रुस्तम भुमगरा आणि आदी हकीम हे तिघे ती पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. एकूण मजल सुमारे ७१ हजार किलोमीटरची. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश, आणि सर्व पोलादी सायकलींवर, कारण त्या काळी दुसरा पर्यायच नव्हता. आमच्या उर्दू शाळेत कोलंबस आणि वास्को द गामा शिकवले गेले, या तिघांचे नाव मात्र कोणी घेतले नाही. ते आम्हाला पुढे वाचनातूनच कळले.

नळीचा काउंट

आता मालाविषयी. सायकलीची फ्रेम लोखंडाची म्हटली की आपल्याकडे लोकांना जड वाटते. मोठ्या शहरांतल्या दुकानांत ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचाच बोलबाला आहे. पण 'लोखंड' म्हणजे सगळे एक नव्हे, जसे 'सूत' म्हणजे सगळे एक नव्हे. वीसचे सूतही सूतच आणि ऐंशीचेही सूतच. भावात, ताकदीत आणि हाताला लागणाऱ्या स्पर्शात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आमच्या सायकलीच्या नळ्या क्रोमोली नावाच्या पोलादाच्या आहेत. या पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम, ०.२ टक्क्याच्या आसपास मॉलिब्डेनम आणि ०.३ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. बाकी लोखंडच. पण एवढ्या मसाल्याने त्याची ताकद साध्या पोलादापेक्षा बरीच वाढते. एक बारकावा येथे समजून घेतला पाहिजे. क्रोमोली साध्या पोलादापेक्षा कमी वाकते असे नाही. त्या बाबतीत सर्व पोलाद जवळपास सारखेच. फरक एवढाच की ते तुटायला किंवा कायमचे वाकायला अधिक जोर लागतो. म्हणून नळी पातळ ठेवता येते, आणि पातळ म्हणजे हलकी.

पातळही सगळीकडे सारखी नाही. जोड असतो त्या दोन्ही टोकांना नळी जाड आणि मध्ये बारीक. आमच्या फ्रेमच्या मुख्य नळ्या टोकाला ०.८ मिलिमीटर आणि मध्ये ०.५ मिलिमीटर आहेत, आणि बाहेरून हा फरक दिसत नाही, कारण तो आतल्या बाजूने काढलेला असतो. कापडवाल्याला हे लगेच समजेल. जेथे ताण येतो तेथे काठाला आपण जास्त तार घालतो, पोतात घालत नाही. ही युक्ती इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने १८९७ साली पेटंट केली. त्याचे घराणे खिळे बनवणारे. खिळेवाल्याने सायकलीच्या नळीत नाव काढले आणि पुढे १९३५ मध्ये त्याच कंपनीची '५३१' ही नळी आली, जिच्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ युरोपातल्या उत्तम सायकली बनल्या.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, हे खरे. पण त्याचा ताठपणाही साधारण एक तृतीयांशच. म्हणून त्याची नळी फुगवून मोठी करावी लागते, आणि तशी फ्रेम रस्त्याचा प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोहोचवते असे पुष्कळ चालकांचे म्हणणे आहे. आम्हाला त्याचा दीर्घ अनुभव नाही. पोलादाचा दुसरा गुण असा की, विशिष्ट मर्यादेच्या आतले धक्के ते लाखो वेळा सोसूनही थकत नाही; ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नसते. आणि तिसरा गुण आपल्या गावासाठी सर्वात मोठा. मोडलेच तर पोलाद जोडणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो.

सायकल आली त्याच दिवशी सुताच्या काट्यावर चढवली. पिशव्यांशिवाय १४ किलो २०० ग्रॅम. शेजारी आमची जुनी काळी सायकल चढवली, ती २२ किलोच्या वर भरली.

उस्तादांची तपासणी

मोहल्ल्यात एक सायकल मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. साचेवाल्यांच्या सायकली दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. आता मजूरही हप्त्याने मोटारसायकल घेतो, त्यामुळे उस्तादांच्या दुकानात लहान मुलांच्या सायकलीच जास्त दिसतात. आम्ही सायकल त्यांच्यापुढे उभी केली. त्यांनी काही न बोलता मधल्या नळीवर नखाने टिचकी मारली, मग टोकाजवळ मारली. दोन्ही आवाज वेगळे आले. "सेठ, ही मध्ये पातळ आहे," एवढेच बोलले. ज्याने पेटंट वाचलेले नाही, इंग्रजी येत नाही, त्याला जे कळले ते पुण्याच्या दुकानातल्या विक्रेत्याला आम्हाला सांगता आले नव्हते.

मग त्यांनी चाके फिरवली. आपल्या जुन्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, इंग्रजी पद्धतीप्रमाणे. हिला दोन्हीकडे ३६. उस्तादांनी आरे चिमटीत धरून जोडी-जोडीने दाबले. बीमवरचा ताणा जसा हाताने पाहतात तसे. मागच्या चाकातले चार आरे सैल निघाले. त्यांनी लगेच चाकाचा आऊट काढला आणि पैसे घेतले नाहीत, नवीन सायकलीची बोहनी म्हणाले. आम्ही आग्रहाने दिले. हुनर फुकट घेऊ नये.

त्यांनी तीन हरकती काढल्या. पहिली, चेनला कव्हर नाही, पायजमा जाईल. दुसरी, स्टँड नाही. तिसरी, ट्यूबचा वॉल बारीक आहे, 'याला माझा पंप लागणार नाही.' पहिल्या दोन्ही हरकती आम्ही दोन दिवसांत अनुभवल्या. पायजम्याच्या घोट्याला आता कापडी पट्टी बांधतो. स्टँड नसल्यामुळे सायकल प्रत्येक कारखान्याच्या भिंतीला टेकवावी लागते, आणि भिंतींवर पानाची पिचकारी कोठे नाही हे पाहूनच टेकवावी लागते.

बसण्याचे सांगायचे तर पहिले आठ दिवस सीट बोचली, नंतर बोचेनाशी झाली. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले आहे. खालची बाजू धरली की आमचे पोट आडवे येते, हे कबूल केले पाहिजे. पण वरची बाजू, मधली बाजू आणि ब्रेकजवळची बाजू अशा तीन ठिकाणी हात बदलता येतात. तासाभरानंतर त्याचे महत्त्व कळते. जुन्या सायकलीवर हात एकाच ठिकाणी राहून बोटांना मुंग्या येत. त्या अजून आलेल्या नाहीत.

शुक्रवारची फेरी

गल्लीबोळात चालवून टुरिंग सायकलीची परीक्षा होत नाही. मालेगावात शुक्रवारी साचे बंद असतात, म्हणून तिसऱ्या शुक्रवारी फज्रनंतर आम्ही मुंबई-आग्रा महामार्गाने चांदवडच्या दिशेने निघालो. जुम्याआधी परत यायचे होते. दोन्ही पिशव्यांत मुद्दाम ग्रे कापडाचे सहा-सहा किलो तुकडे भरले. रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षा नव्हे.

गिरणेचा पूल ओलांडला तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या सायकलीवर मागे बारा किलो ठेवले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलते. येथे तसे काही नाही. कारण असे की या सायकलीत मागचे चाक नेहमीपेक्षा थोडे मागे घेतलेले असते. त्यामुळे पिशव्यांना टाच लागत नाही आणि ओझेही दोन चाकांच्या मध्ये येते. पायडलची धुरीही खाली आहे, म्हणून बसल्यावर सायकलीच्या वर बसल्यासारखे नव्हे, सायकलीत बसल्यासारखे वाटते. हँडल सावकाश वळते. ज्याला चपळ घोडा हवा त्याला ही सायकल आळशी वाटेल. ज्याला बैलगाडीचा भरवसा हवा त्याच्यासाठीच ती बनवली आहे.

सौंदाण्यापर्यंत रस्ता सपाट. टायर ३८ मिलिमीटर रुंदीचे आहेत, आणि रस्त्याच्या कडेची खडी त्यांनी सहज पचवली. ट्रक मात्र अंगावरून जातात. मागे लाल दिवा आणि अंगात भडक पट्ट्यांचे जाकीट याशिवाय या रस्त्यावर कोणीही सायकल काढू नये. उमराण्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून विचारले, "शेठ, सायकलीवर काय विकता?" आम्ही 'कापड' म्हटले. पिशवीत कापड होतेच.

राहुड घाटात खरा कस लागला. येथे गिअरचा हिशोब सांगितला पाहिजे, कारण तो साध्या गणिताचा आहे. आमच्या जुन्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. चढ असो, उतार असो, वारा असो, तेवढीच. नव्या सायकलीला पुढे तीन चकत्या आहेत, सर्वात लहान २६ दातांची. मागे सर्वात मोठी ३४ दातांची. त्या जोडीवर एका फेऱ्याला सायकल फक्त एक मीटर आणि सदुसष्ट सेंटिमीटर चालते. साडेपाच मीटरचे काम तीन हप्त्यांपेक्षा जास्त हप्त्यांत वाटले गेले. हप्त्यांनी फेडलेले कर्ज जड वाटत नाही, पण फेडावे पूर्णच लागते. मिनिटाला साठ फेरे मारूनही वेग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाएवढाच. पण आम्ही उतरलो नाही. छप्पन वर्षांचा, साखरेचा रोगी, मागे बारा किलो कापड, आणि घाट बसून चढला, अल्हम्दुलिल्लाह. वर पोहोचल्यावर गुडघ्यांत दुखणे नव्हते. छाती मात्र दहा मिनिटे धापा टाकत होती.

उतारावर डिस्क ब्रेकने समाधान केले. पण अर्ध्या उतारावर मागून खडखड येऊ लागली. थांबून पाहिले तर कॅरिअरचा खालचा एक बोल्ट जवळपास निघून आलेला. ज्या दुकानाने सायकल जुळवून दिली त्याने तो पुरता आवळलाच नव्हता. तो निसटून कॅरिअर चाकात गेले असते तर काय झाले असते याचा विचार वाचकांनीच करावा. लाख रुपये घेणाऱ्या दुकानाने दोन मिनिटांचे काम वाचवावे! सहा कोनांची चावी खिशात होती, काम भागले. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, पहिली सर्व्हिस फ्री आहे, पुण्याला घेऊन या." मालेगावहून पुणे!

परतताना उमराण्याजवळ मागचे टायर बसले. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या तरुणाने पंक्चर झकास काढले, आणि हवा भरायला गेला तर उस्तादांची तिसरी हरकत समोर उभी. बारीक वॉलला त्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड बसेना. "चाचा, हा वॉल कुठला? असा पाहिला नाही." आमच्याजवळ लहान पंप होता, त्यावर दोघांनी आलटून पालटून दम काढला. वास्तविक या वॉलवर बसवायची पितळेची एक छोटी टोपी मिळते. ती लावली की कोणताही मोटारीचा पंप चालतो. किंमत एका चहाच्या आसपास. पण लाखाच्या सायकलीबरोबर ती कोणी देत नाही आणि महामार्गावर ती कोणाकडे नसते.

पावणेबाराला घरी पोहोचलो. सगळे मिळून सत्तरेक किलोमीटर झाले असतील. मुलाने सायकल आत घेतली आणि पहिल्यांदाच विचारले, "घाट चढला?"

सूतवाल्याचा फोन

दुसऱ्या आठवड्यातली एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. आम्ही ज्यांच्याकडून सूत घेतो त्या पेढीचा आमच्याशी पंचवीस वर्षांचा व्यवहार आहे. वायदा पंचेचाळीस दिवसांचा. सायकल घेऊन दहा-बारा दिवस झाले असतील, तोच त्यांच्या मुनीमजींचा फोन आला. तब्येत विचारली, मुलाबाळांचे विचारले, मग म्हणाले, "सेठनी सांगितले, या वेळचे बिल तीस दिवसांत पाहता आले तर बरे होईल." कारण विचारले तर बाजार मंदा आहे म्हणाले. बाजार मंदा आहे हे खरेच आहे, पण तो गेली कित्येक वर्षे मंदा आहे. नवी गोष्ट एकच होती, आणि ती आमच्या दाराशी उभी होती.

ज्यांना हा किस्सा विनोदी वाटेल त्यांनी यंत्रमागाच्या धंद्यात एक महिना काढून पाहावा. येथे भांडवल म्हणजे मुख्यतः दुसऱ्याचा विश्वास. पंचेचाळीसचे तीस दिवस झाले की पंधरा दिवसांच्या सुताचे पैसे खिशातून घालावे लागतात, आणि एकाने वायदा कमी केला की दुसरा करतो. सायकलीमुळे साखर उतरेल आणि साख पण उतरेल, असा हा सौदा होत होता.

आम्ही वाद घातला नाही. त्या बिलाचा धनादेश एकविसाव्या दिवशीच लिहिला आणि तो घेऊन सायकलीवरच पेढीवर गेलो. सेठ बाहेर आले. आम्ही धनादेश हातात ठेवला आणि सायकलीची किंमत सांगितली. त्यांना दोनदा सांगावी लागली. "लाख? हिला?" मग त्यांनी स्वतः सायकल एका हाताने उचलून पाहिली. पुढच्या खरेदीला वायदा पुन्हा पंचेचाळीस दिवसांचा लिहिला गेला. ज्या सायकलीमुळे पत गेली तिच्याच किमतीने ती परत आली, हे आम्हाला फारसे आवडले नाही. सात हजारांची सायकल असती तर काय झाले असते? ती चालवणारा मजूर पंचेचाळीस दिवसांच्या वायद्यावर काहीच घेऊ शकत नाही, हे आपण सर्व जाणतो.

धंद्याची बाजू

आपला देश सायकली बनवण्यात मागे नाही. लुधियानाच्या हीरो कंपनीची सुरुवात १९५६ ची, आणि १९८६ मध्ये जगातील सर्वात मोठी सायकल उत्पादक म्हणून तिचे नाव गिनीज बुकात गेले. पण या धंद्याचा मोठा आधार स्वस्त सायकल आणि सरकारी खरेदी हाच राहिला. बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना काढली, मग इतर राज्यांनी तशाच काढल्या, आणि लाखांच्या ऑर्डरी निघू लागल्या. निविदेत सर्वात कमी दर लागतो. तेथे पातळ क्रोमोलीला कोण विचारतो? दुसरीकडे सोनिपतची १९५१ पासूनची ॲटलस. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. आमच्या सायकलीची फ्रेम तैवानची आहे. पोलाद येथे होते, नळी येथे होते, कारागीर येथे आहेत. पण अर्ध्या मिलिमीटरच्या नळीचे थोडे थोडे काम करायला मोठ्या कारखान्याला परवडत नाही, आणि छोट्या माणसाला ती नळी मिळत नाही. कापडात आपण हेच दुःख ओळखतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा काही फायदा ग्राहकाला झाला खरा.

फ्रेम आपल्या हातची गोष्ट नाही. पिशव्या आहेत. कॅरिअरला दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांचे आमच्याकडून साडेपाच हजार घेतले. घरी येऊन आम्ही त्या उलट्या करून पाहिल्या. बाहेरचे कापड ६०० डेनिअर पॉलिस्टर, आतून लेप. ज्या गावात पॉलिस्टर विणले जाते त्या गावाने एवढ्या कापडाची किंमत ओळखावी. ती काही शेकड्यांत आहे. मग बाकी पैसे कशाचे? शिलाईचे आणि आकड्यांचे. आणि खरे म्हणजे शिलाईच त्यांची कमजोरी आहे. बादलीभर पाणी ओतले तर कापडातून थेंब आला नाही, पण शिवणीतून आला. सुई जाते तेथून पाणी जाते. महागड्या परदेशी पिशव्या शिवत नाहीत, लेपाच्या जाड कापडाचे काठ उष्णतेने एकमेकांना चिकटवतात, आणि तोंड शिवण्याऐवजी तीन-चार वेळा गुंडाळून पट्ट्याने आवळतात.

हे काम आपल्याकडे होत नाही असे कोण म्हणेल? ट्रकच्या ताडपत्र्यांचे जोड गरम हवेच्या यंत्राने चिकटवणारे दुकान आमच्या पेढीपासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. आम्ही त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यांतून एक जोडी बनवून दिली. आकडे उस्तादांनी लोखंडी पट्टीतून काढले. मजुरी आणि माल मिळून अकराशे रुपये झाले. रंग ट्रकच्या ताडपत्रीचाच, गडद निळा. देखणी म्हणता येणार नाही. रात्रभर नळाखाली ठेवली, सकाळी आतला ग्रे कोरडा होता. आकडे मात्र खड्ड्यात उसळून सुटतात, त्याला खालून रबराचा ताण द्यावा लागेल असे उस्ताद म्हणतात, आणि त्यांचा अंदाज आजवर चुकलेला आम्ही पाहिला नाही.

दुसरी जोडी या आठवड्यात तयार होईल. ती आम्ही नाशिकच्या एका सायकल दुकानदाराला दाखवणार आहोत. उस्तादांनी आपल्या दुकानासाठी पितळेच्या टोप्या दोन डझन मागवल्या आहेत. गिऱ्हाईक सध्या एकच आहे, असे आम्ही त्यांना सांगून पाहिले. "उमराण्याच्या त्या पोराला सहा देऊन या," ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी जाणारच आहात."